शब्दच कळाक नाय

एका मुलाचं पत्र आलं, बरंच मोठं होतं, मुख्य तेवढं इथे देते. नाव-गाव आणि बँडचं नाव त्याच्याच सांगण्यावरून काढलंय.

"ताई, मी वेंगुर्ल्याच्या बाजूचा, वय २४, आमच्या चौघांच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचा पहिला अल्बम आला. नऊ गाणी, सहा मालवणीत, तीन मराठीत. फेब्रुवारीत आंबा यायच्या आधी काकांची पॅकिंगची शेड रिकामी होती तिथे रेकॉर्ड केला, गाणाऱ्याचा आवाज नंतर वेगळा घेतला. चौघांचे मिळून ६२ हजार गेले. दहा आठवड्यांत सगळी गाणी धरून ४१०० स्ट्रीम झालेत. पुण्यातल्या एकाने लिहिलं की आवाज गिटारच्या भिंतीमागे हरवलाय आणि मालवणी नुसती शोभेला लावल्यासारखी वाटते. गावात ऐकवला तर आजी म्हणाली, बरा वाजवतास, पण काय सांगतास ता शब्दच कळाक नाय. एक दोघं म्हणाले आरडतास कित्याक. वाडीतले विचारतात, बेंजो पार्टी काढली काय. एक चांगला मेसेज आला, देवगडचा एक मुलगा जहाजावर असतो त्याचा, पण एकच. आता गाणारा म्हणतो की अल्बम खाली काढूया आणि मुंबईच्या प्रोड्युसरकडे हिंदीत करूया, तो दीड लाख सांगतोय. एकजण पाच हजारात लाखभर स्ट्रीम देतो म्हणतो, ते घेऊ का? गाणाऱ्याचं आणि माझं नीट बोलणं पण होत नाही, तो म्हणतो गाणी माझी आहेत. गणपतीनंतर मला मुंबईत नोकरी लागतेय. सगळं फुकट गेलं असं वाटतं. काय करू?"

अरे, पहिली गोष्ट, मी तुमचा अल्बम ऐकला. तीनदा ऐकला. एकदा रात्री हेडफोन लावून, एकदा सकाळी मोबाईल ओट्यावर ठेवून बाजूला कुकर चालू असताना, आणि एकदा चिपळूणहून गुहागरला जाताना गाडीत, आणि खरं सांगते, तीन वेळा तीन वेगळे अल्बम ऐकल्यासारखं झालं.

हेडफोनवर तुमचं पहिलं गाणं सुरू झालं आणि मी हातातलं काम ठेवून दिलं. समुद्राची गाज, मग बंदरावरचा मासळीचा लिलाव, तो बोली लावणाऱ्याचा आवाज एकसारखा वर वर जातो, आणि बरोबर त्याच्या लयीवर तू किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, घेतोस. कोणीतरी तासन् तास बंदरावर उभं राहून ऐकल्याशिवाय हे सुचत नाही. चौथ्या गाण्यात मधेच दोन्ही गिटार थांबतात आणि नुसता बेस आणि आवाज राहतो, तिथे माझ्या अंगावर काटा आला. मी हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, बरं वाटावं म्हणून लिहायचं असतं तर पुढचं लिहिलंच नसतं.

मोबाईलवर मात्र तुझा किक नाही, बेस नाही (मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, त्यात तुमची चूक नाही), दोन्ही गिटार मिळून एक सळसळ झालीये आणि गाणारा बाजूच्या खोलीत दार लावून गातोय असं वाटतं. आणि गाडीत, चौथं गाणं सोडलं तर, मला एक सबंध ओळ कळली नाही. माझं माहेर कुडाळचं आहे, मालवणी ऐकत वाढलेली बाई मी, आणि मला कळली नाही.

आता तुझं पत्र परत वाच. तू असं लिहिलंयस की शहरातले एक म्हणतात, गाव दुसरंच म्हणतं, आम्ही मधल्या मधे लटकलोय. मला तर सगळे एकच म्हणताना दिसतात. पुण्याचा माणूस म्हणतो आवाज हरवलाय. आजी म्हणते शब्द कळाक नाय. जे म्हणाले आरडतास कित्याक, त्यांना पण शब्द ऐकू आला असता तर ते ओरडणं वाटलं नसतं, कारण याच गावात रात्रभर दशावतारात संकासुर बोंबलतो, राक्षस गर्जना करतात, आणि लोक घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात, तिकडे कोणी म्हणत नाही कित्याक आरडता, का तर एकेक शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. आणि मालवणी शोभेला लावलीये हे जे त्याने लिहिलं ते तुला सगळ्यात जास्त लागलंय, मला पण वाचून राग आला होता, पण शब्द समजलाच नाही तर ऐकणाऱ्याला भाषेचा नुसता नाद उरतो, आणि नुसता नाद शोभेसारखाच वाटणार. तुमचे शब्द मी नंतर तू पाठवलेल्या कागदावर वाचले. शोभेचे अजिबात नाहीत. होडी विकलेल्या माणसाचं सातवं गाणं वाचून मी गप्प बसले. ते मला ऐकून कळायला हवं होतं.

म्हणजे तुमचा अल्बम पडला बिडला नाही, नऊ गाण्यांमध्ये मिळून एक दोष आहे आणि तो दुरुस्त होणारा आहे.

खाली मात्र काढू नका. याबद्दल मी जरा हट्टाने बोलणार आहे आणि त्याला कारण आहे. १९९८ मध्ये आम्ही चिपळुणात पाच जणांनी एक कॅसेट काढली होती, मी कीबोर्ड वाजवायचे, एकटीच मुलगी. ५०० प्रती काढल्या, १४० च्या आसपास विकल्या गेल्या, आणि मग एका ठिकाणी आमच्याबद्दल फार वाईट छापून आलं. इतकं लाज वाटण्यासारखं खरं तर त्यात काही नव्हतं, आज आठवलं की वाटतं निम्मं तर बरोबरच होतं, पण आम्ही विशी-बाविशीतले, आम्ही दुकानादुकानांत जाऊन उरलेल्या कॅसेट परत आणल्या, खोक्यात भरल्या आणि खोकी घराच्या खालच्या खोलीत टाकली. मास्टर टेप पण त्यातच. कोणी त्याची कॉपी केली नाही, कारण कोणाला ऐकायचीच नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा आम्ही माणसं, कागदपत्रं, तांदूळ वर नेले, त्या खोक्यांची मला आठवण सुद्धा झाली नाही. चार दिवसांनी चिखल काढताना ती सापडली. आज माझ्याकडे त्या गाण्यांची एक प्रत नाही. आमचा ढोलकीवाला पुढे वारला, त्याच्या मुलीने मागच्या वर्षी मला फोन करून विचारलं, बाबांचं वाजवणं कुठे ऐकायला मिळेल का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुराने नेली असं मी सगळ्यांना सांगते, पण पुराच्या २३ वर्षं आधीच आम्ही ती लोकांपासून काढून घेतली होती.

त्यामुळे राहू दे तिथेच. आणि भावना सोडून व्यवहाराचं बोलायचं तरी, तुम्ही अल्बम काढलात की ज्यांनी गाणी सेव्ह केलीत त्यांच्या यादीत ती राखाडी होऊन पडतात, पाठवलेल्या लिंका मेल्या, त्या जहाजावरच्या मुलाच्या फोनमधलं गाणं गेलं.

मग काय करायचं, तर तीन गाणी निवडा, फार तर चार. पहिलं, तिसरं आणि सातवं असं माझं मत. त्यांचा नवा मिक्स करा, म्हणजे वाद्यं आणि आवाज कमी-जास्त करून परत जुळवा, आणि तो वेगळा छोटा रिलीज म्हणून टाका, जुना अल्बम जसाच्या तसा राहील. आवाज वेगळा रेकॉर्ड केलाय असं तू लिहिलंयस म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. जो कोणी मिक्स करतो त्याला सांग की आवाज नुसता मोठा करून भागणार नाही, गिटारमध्ये साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा जो पट्टा आहे तिथे थोडी जागा मोकळी कर, कारण आपली व्यंजनं बरीचशी तिथेच ऐकू येतात आणि तुमच्या दोन्ही गिटार नेमक्या तिथेच ठाण मांडून बसल्यात. आवाजावरचा रिव्हर्ब, तो घुमारा, कमी करा. एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलीये ती कडव्यातून काढा, धृवपदात राहू दे, कारण दोन आवाज जराही मागेपुढे झाले की शब्दाची कड जाते. पत्र्याच्या शेडमध्ये वाजवल्यामुळे तुझ्या सिम्बल सगळीकडे पसरल्यात, त्यांना पण थोडं दाबावं लागेल, वाईट वाटून घेऊ नकोस. आणि मिक्स झाला की हेडफोनवर ऐकून हो म्हणू नका. फोनवर बारीक आवाजात ऐका, रिक्षात ऐका, आणि सगळ्यात शेवटी आजीसमोर लावा आणि ती काय काय सांगते ते लिहून घ्या.

मालवणीचं तर आणखी एक आहे, ते बाहेरच्या साऊंडवाल्याला कधी कळणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल. आपल्यात जातंय, जातंस, जाता, जातत, यात सगळा फरक शेवटच्या अक्षरात असतो. तुमचा गाणारा ओळीच्या शेवटी श्वास सोडून देतो आणि ते शेवटचंच अक्षर गिळतो, मग कोण जातंय, मी का तू का तो, हेच समजत नाही. इंग्रजी रॉक ऐकून ऐकून ती सवय लागते, तिकडे ते खपून जातं. सातव्या गाण्यात होडी कोणी विकली, बापाने का मुलाने, हे सगळं त्या एका अक्षरावर आहे! ते गाणं मात्र परत गाऊन घ्या असं मी म्हणेन. शेडमध्ये नको. घरातली सगळ्यात भरलेली खोली बघा, कपड्यांचं कपाट, गाद्या, चारी बाजूंनी गोधड्या टांगा, पाऊस कौलांवर नसेल असा दिवस धरा. त्याला दीड लाख लागत नाहीत.

तुम्हाला उदाहरण हवं असेल तर कुठे लांब जाऊ नका, वाडीतल्या भजनात बसा. बुवा अभंगाची ओळ म्हणतो तेव्हा पखवाजवाला काय करतो बघ. हात आवरून असतो. टाळ पण बारीक. आणि गजर सुरू झाला की तो असा काही तुटून पडतो की घराची कौलं हलतील, सगळे वर, टाळ वर, कोरस वर. हे तुझ्या रक्तात आहे रे, तू लहानपणापासून हे ऐकत आलायस, पण अल्बमवर तू कडव्यातही गजरच वाजवलायस. चौथं गाणं सगळ्यांना का पोचतं, कारण तिथे तुम्ही थांबता.

हिंदीचं काय ते एका ओळीत. हिंदीत गाणं मनातून येत असेल तर जरूर करा, पण मालवणी लोकांना कळली नाही म्हणून हिंदी, हे कारण खोटं आहे, कारण हाच मिक्स ठेवला तर हिंदी पण कळणार नाही. त्या प्रोड्युसरला मी ओळखत नाही, चांगला असेल, पण कर्ज काढून दीड लाख अजिबात घालू नका.

आणि ते पाच हजारात लाख स्ट्रीम, त्याला नाही म्हणून सांग आणि नंबर ब्लॉक कर. हे मशीनने ऐकवलेले स्ट्रीम असतात, पकडले जातात, २०२४ पासून तर स्पॉटिफाय अशा गाण्यांसाठी डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुमची गाणी तिथे चढवणाऱ्या कंपनीला, दंड लावतं आणि डिस्ट्रिब्युटर तो तुमच्यावर ढकलतो, प्रसंगी गाणंच काढून टाकतात. दुसरा एक नियम पण त्याच वर्षीपासून आहे, तो तुम्हाला माहीत असायला हवा: ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नाहीत त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. म्हणजे ४१०० स्ट्रीम नऊ गाण्यांत वाटले गेले तर एखाद दुसरं गाणं त्या रेषेवर असेल, बाकीची खाली. पैशाचा हिशोब यातून जमणार नाही हे आत्ताच मान्य करा म्हणजे तो आकडा रोज रात्री उघडून बघायचं बंद होईल. (तू बघतोस, पत्रातून कळतं.) पुढच्या वेळी एवढं करा की रिलीजच्या निदान सात दिवस आधी, दोन आठवडे असतील तर बरंच, स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या खात्यातून एक गाणं त्यांच्या प्लेलिस्टवाल्यांकडे पाठवा. गाणं आल्यानंतर ते पाठवता येत नाही. तुम्ही अपलोड केलं आणि तिसऱ्या दिवशी बाहेर, असं तू लिहिलंयस, म्हणून सांगितलं.

शब्द टाईप करून टाका, देवनागरीत, सगळ्या नऊ गाण्यांचे. ऐकताना खाली शब्द दिसायची सोय आता बहुतेक ठिकाणी आहे, तुमच्या एकाही गाण्याला शब्द नाहीत. एक संध्याकाळ जाईल.

दहा आठवड्यांत फुकट गेलं म्हणतोस ना, त्यावर थोडं बोलते, पण सावधपणे, कारण याची उदाहरणं देऊन खोटी आशा लावणं फार सोपं असतं. कलकत्त्याला महीनेर घोडागुली नावाचा बँड होता, १९७७ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली, १९७९ पर्यंत तीन रेकॉर्डवर मिळून आठ गाणी, लोकांना काही समजेना हे काय चाललंय, तिकडचं बाउल लोकगाणं, रॉक, शहर सगळं एकत्र, आणि १९८१ ला बँड मोडला. मग १९९५ मध्ये त्यांच्याच गौतम चट्टोपाध्यायांनी परत नवा संग्रह काढला आणि तोवर पोरं इतकी तयार होती की आज बंगाली बँड म्हटलं की सुरुवात तिथूनच सांगतात. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम १९६७ चा, तेव्हा अमेरिकेत खपाच्या २०० अल्बमच्या यादीत १७१ च्या वर गेला नाही, आणि पुढे किती बँड त्याला गुरू मानून निघाले. पण रे, अशा प्रत्येक एका अल्बममागे हजारो असे असतात जे तेव्हाही कोणी ऐकले नाहीत आणि नंतरही नाहीत, आमचा त्यातलाच. तुमचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की कलकत्त्याची ती गाणी मधल्या वर्षांत कॉलेजातल्या पोरांनी तोंडी जिवंत ठेवली, म्हणत राहिली, आणि गाणं तोंडी जायचं असेल तर आधी शब्द कानात जायला लागतो. मी परत तिथेच आले बघ.

आणि शेजारचं उदाहरण तर तुमच्या घरापासून दोन तासांवर आहे. रेमो फर्नांडिसने १९८४ ला पहिला अल्बम शिवोलीच्या घरात केला, फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर, वाद्यं स्वतः, आवाज स्वतः, आणि स्कूटरवर घालून दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिला. तुम्हाला कोणी गोव्याची कॉपी म्हटलं तर म्हणू दे, कॉपी करायची तर त्या स्कूटरची करा. तुमचा अल्बम इंटरनेटवर आहे पण वेंगुर्ल्यातल्या किती माणसांना तुम्ही समोर बसून ऐकवलात? पत्रात मोजून सात दिसले.

यात दोष वेळेचा पण आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात अल्बम काढायचा म्हणजे ज्या दिवशी सगळे कौलं चाळतायत, लाकडं आत घेतायत, तरवा टाकतायत, त्या दिवशी दारात जाऊन गाणं म्हणायचं. चाकरमानी मेअखेरीला परत गेलेले. स्टेज नाही, लाईट दिवसाआड जाणार. मग शेतीतून डोकं वर निघेपर्यंत तुम्ही मान खाली घालून बसलात. आता गणपती येतायत, सगळी वाडी भरेल, मुंबईहून पोरं येतील. तेव्हा ड्रम, अॅम्प काही नेऊ नका. एक साधी गिटार, तू ढोलकी किंवा पखवाज घे, आणि घराघरात भजन झालं की उसळ आणि चहा होईपर्यंत जो वेळ असतो त्यात तुमची दोन गाणी म्हणा. आधी विचारा, यजमान नाही म्हणाले तर पुढच्या घरी. माणूस दोन हातांवर बसलेला असला की गाणाऱ्याला आपोआप समजतं कुठल्या ओळीला मान हलली आणि कुठल्या ओळीला समोरचा लाडवाकडे बघायला लागला. हे तुम्हाला कुठलाही प्रोड्युसर दाखवू शकणार नाही. बेंजो पार्टीवाल्यांवर पण रागावू नका, लोकांनी तुम्हाला त्यांच्यात धरलं म्हणजे आपल्यातलं वाजवणारं कोणीतरी म्हणून धरलं, आणि चालत्या ट्रकवर, जनरेटरवर, पावसात साऊंड कसा उभा करायचा हे तुमच्या तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. जाऊन शिका त्यांच्याकडून.

मग कार्तिकात जत्रा सुरू होतील. दशावतार उभा राहायचा तो पालखी वगैरे झाल्यावर मध्यरात्रीकडे, पण स्टेज, माईक आणि माणसं संध्याकाळपासून असतात. देवस्थानच्या मंडळींना भेटून सात ते आठची चाळीस मिनिटं मागा, मोठ्यांपैकी कोणाला तरी बरोबर घेऊन जा, एकटी पोरं गेलात तर नाही म्हणतील. स्पीकरची पोलीस स्टेशनची परवानगी त्यांनी घेतलेली असते का ते विचारून घ्या. रात्री १० नंतर स्पीकरला एरवी बंदी असते, तुमचं त्याच्या आधी होईल. आणि ते रेकॉर्ड करा. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा १९९३ चा पहिला अल्बम स्टुडिओतला होता पण १९९७ ला आलेला दुसरा थेट कार्यक्रमातला आहे, समोरच्या लोकांसकट, आणि त्यांचा गाजलेला 'कंदिसा' त्यानंतर २००० साली आला. पहिल्यानंतर सात वर्षं. तुझे दहा आठवडे झालेत.

आता भांडणाचं. गाणारा म्हणतो गाणी माझी, तर शब्द आणि चाल त्याने केली असेल तर तेवढं खरंच त्याचं आहे, कायदा पण तेच म्हणतो. पण कायद्यात लिहिणारा, चाल लावणारा, वाजवणारा आणि रेकॉर्डिंगचा मालक हे वेगवेगळे धरतात. रेकॉर्डिंगला पैसे चौघांनी घातलेत. तेव्हा एका कागदावर प्रत्येक गाण्यापुढे लिहून काढा, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि किती, रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकाचा हिस्सा किती, चौघांच्या सह्या, तारीख. लिलावावरून सुरुवात करायची कल्पना तुझी होती ना, पत्रात तू सहज लिहिलंयस, ती पण तिथे लिही. मग ज्याचे शब्द आणि चाल आहेत त्याने आयपीआरएसमध्ये नाव नोंदवावं, १९६९ पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते, आणि २०१२ ला कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून गीतकार-संगीतकाराने कंपनीला हक्क दिले तरी त्याचा रॉयल्टीचा वाटा पुसून टाकता येत नाही. आज रक्कम शून्य आहे म्हणूनच हे आज करायचं. पैसा आल्यावर हा कागद होत नसतो, मी बघितलंय.

पण मला वाटतं त्याचं दुखणं वेगळंच आहे. आवाज हरवला असं ज्याच्याबद्दल छापून आलं तो तोच. तू ड्रमवर बसलायस, तुला कोणी काही बोललेलं नाही, उलट तुझं कौतुकच आलंय. तुझ्या आजीने तोंडावर सांगितलं शब्द कळत नाहीत, आणि शब्द त्याने लिहिलेत. हिंदी, मुंबई, प्रोड्युसर हे सगळं तिथून येतंय. त्याला जाऊन सांग की त्याचे शब्द मी, म्हणजे ताईने, कागदावर वाचले आणि सातव्या गाण्याने मला रात्री झोप लागू दिली नाही. मग मिक्सचं बोल. आधी ते सांग.

नोकरी घे. मुंबई लांब नाही, तुतारी एक्सप्रेसने रात्री बसलास की दुपारपर्यंत सावंतवाडी, जत्रेपुरतं, गणपतीपुरतं येता येतं, अर्धं कोकण तसंच जगतं आणि तसंच भजन करतं. तुमच्या भागातल्या कितीतरी बुवांची पोरं परळ-लालबागच्या खोल्यांत राहून डबलबारीला, भजनाच्या सामन्याला, उभी राहिली. ड्रमसेट मात्र घरी झाकून ठेव नीट, सिम्बल पुसून कापडात, खाऱ्या हवेने चार महिन्यांत स्टँडचे स्क्रू धरतात, आणि गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांग त्या दोघांना.

एक राहिलं. त्या देवगडच्या मुलाचा मेसेज तू मला पूर्ण पाठवलास पण वाचलास का नीट? तुला वाटलं ते कौतुक आहे, ते आहेच, पण शेवटची ओळ बघ. "तिसऱ्या गाण्यात वारो फिरलो नंतर काय म्हणता, दहा वेळा लावलं, ते एवढं ऐकू येत नाही." पुण्याच्या माणसाने, आजीने आणि त्याने एकच विचारलंय, फक्त हा मधल्या समुद्रात बसून दहा वेळा लावतोय कारण त्याला ते स्वतःला म्हणायचंय. तू त्याला काय उत्तर दिलंस ते पत्रात नाही. दिलं नसशील तर आज दे, सबंध गाणं लिहून पाठव.